साथीचा रोग, भीती आणि पोटापाण्याची चिंता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विषाणूची साथ पसरू लागली की आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांत खुद्द रोगाविषयीचे थोडेच असतात. झोप लागत नाही, दुकानं रिकामी झाली, पगार थकला, हप्ता कसा भरू, अशांचाच भरणा जास्त. तेच ते प्रश्न वरचेवर येतात म्हणून उत्तरं एका ठिकाणी दिली आहेत. सोपे आधी, पेचाचे नंतर. औषधोपचार आणि लसीबद्दल इथे काही लिहिलेलं नाही. ते डॉक्टरांनाच विचारा.

१. रोग अजून आमच्या भागात आलेलाही नाही, तरी जीव घाबरा होतो. माझंच काही बिघडलंय का?

नाही. जे नवीन आहे, डोळ्यांना दिसत नाही आणि शेजारच्या माणसाच्या श्वासातून येऊ शकतं, त्याची धास्ती जास्त वाटणारच. जुन्या धोक्यांची आपल्याला सवय झालेली असते. नेहमीच्या हंगामी फ्लूने जगात दरवर्षी २,९०,००० ते ६,५०,००० माणसं दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यापायी कुणी विमानाचं तिकीट रद्द करत नाही. २००३ मध्ये सार्स या तेव्हा नव्या असलेल्या श्वसनरोगाचे रुग्ण जगभर मिळून ८,०९६ आणि मृत्यू ७७४, तरी पूर्व आशियातले विमानतळ ओस पडले.

यावरून लोक बावळट ठरत नाहीत. सार्स झालेल्या दहांपैकी जवळपास एक जण दगावत होता आणि तो आणखी किती पसरेल हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. माहिती तोकडी असताना दोन पावलं मागे राहणं शहाणपणाचंच. पंचाईत पुढे होते: माहिती हाती आल्यावरही भीती तसूभर हलत नाही, किंवा भलत्याच गोष्टीवर जाऊन बसते (प्रश्न १२ पाहा).

२. जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी जाहीर केली. म्हणजे महामारी आली का?

दोन्ही एक नव्हेत. आंतरराष्ट्रीय आरोग्य आणीबाणी हा देशांना वेळेत जागं करण्यासाठी दिलेला इशारा असतो. इबोलासाठी २०१४ मध्ये, झिकासाठी २०१६ मध्ये, एमपॉक्ससाठी २०२२ आणि पुन्हा २०२४ मध्ये तो दिला गेला. यातलं काहीच कोविडसारखं घरोघरी पोहोचलं नाही. कोविडची आणीबाणी ३० जानेवारी २०२० ला जाहीर झाली. महामारी हा शब्द आला ११ मार्चला, आणि अनेक सरकारं तो कानावर पडेपर्यंत ढिम्म बसून होती. खरी घंटा जानेवारीतच वाजली होती. सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सुधारित आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत ‘महामारी आणीबाणी’ अशी आणखी वरची पायरी आली आहे.

आणीबाणी उठली म्हणजे विषाणू गेला असंही नाही. कोविडची ५ मे २०२३ ला उठली. विषाणू अजून आहेच.

३. छातीत धडधडतं, श्वास पुरत नाही. हा रोग की नुसती भीती?

भीतीचा झटका साधारण असा येतो: काळीज जोरात धडधडू लागतं, आपण भराभर आणि वरवर श्वास घेऊ लागतो, त्यामुळे बोटांच्या टोकांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आणि या मुंग्यांनीच माणूस आणखी घाबरतो. दहाएक मिनिटांत हे टोकाला जातं आणि मग हळूहळू ओसरतं. ताप नसतो. श्वसनमार्गाच्या संसर्गात बहुधा ताप, खोकला, अंगदुखी असते आणि चालल्यावर धाप वाढते.

एवढं वाचून घरच्या घरी निदान मात्र करू नका. बसल्या जागी धाप, छातीत सतत दुखणं, निळसर ओठ, बोलण्यात गोंधळ यांतलं काहीही दिसलं तर ‘हिला सवयच आहे घाबरायची’ म्हणत वेळ घालवू नका. घाबरट माणसालाही संसर्ग होतो.

झटके येत नसले, तरी दोन आठवडे झोप, जेवण किंवा काम बिघडलेलं असेल तर मानसोपचाराची मदत घ्या. कोविडच्या पहिल्या वर्षात चिंता आणि नैराश्याचं प्रमाण जगभरात सुमारे २५ टक्क्यांनी वाढलं, असं जागतिक आरोग्य संघटनेने नोंदवलं आहे. तुम्ही एकटे नाही.

४. रोज जाहीर होणाऱ्या आकड्यांवर किती विश्वास ठेवावा?

आकडा खोटा नसतो, पण तो काय मोजतो हे पाहावं लागतं. तपासण्या वाढल्या की रुग्ण वाढलेले दिसतात. सुट्टीच्या दिवशी नोंदी थांबतात आणि आकडा आपोआप खाली येतो. आजचे मृत्यू हे काही आठवड्यांपूर्वी लागण झालेल्यांचे असतात.

सर्वांत फसवा असतो तो मृत्युदर, आणि तो दोन्ही बाजूंनी फसवतो. सुरुवातीला फक्त अत्यवस्थ रुग्णांचीच तपासणी होते, त्यामुळे दर भयानक वाटतो. २००९ च्या एच१एन१ (स्वाइन) फ्लूच्या वेळी मेक्सिकोत तसंच झालं. उलट, साथ वाढत असताना आजच्या मृतांना आजच्या एकूण रुग्णांनी भागलं तर दर कमी येतो, कारण बऱ्याच रुग्णांचं काय होणार ते अजून ठरायचं असतं. सार्सच्या वेळी आधी ४ टक्क्यांच्या आसपास धरलेला दर मे २००३ मध्ये १४ ते १५ टक्क्यांवर नेण्यात आला. अखेरच्या नोंदींवरून तो साडेनऊच्या थोडा वर निघतो.

एका दिवसाचा आकडा सोडून द्या. आठवड्याची सरासरी आणि रुग्णालयात नव्याने दाखल होणारे किती, हे दोनच बघा. आणि दुपटीचा काळ लक्षात ठेवा: दर तीन दिवसांनी दुप्पट होणारे रुग्ण महिनाभरात हजारपट होतात. ‘अजून थोडेच आहेत’ हे वाक्य म्हणूनच घातकी.

५. लोक वेड्यासारखी खरेदी का करतात? समजावून सांगितलं तरी ऐकत कसे नाहीत?

कारण प्रत्येकाच्या जागेवरून पाहिलं तर ते वेड नसतंच. बाकीचे सगळे उचलणार असतील तर आपण आधी उचललेलं बरं, हा हिशेब बिनचूक आहे. सगळ्यांनी तोच केला की मांडणी रिकामी.

२०२० मध्ये अनेक देशांत टॉयलेट पेपर गायब झाला, त्याची जगभर टिंगल झाली. पण तो माल कसा येतो ते जवळून पाहा. कार्यालयं, शाळा आणि हॉटेलांत लागणारे मोठाले रोल वेगळ्या यंत्रांवर बनतात, वेगळ्या खोक्यांत भरले जातात आणि वेगळ्या घाऊक व्यापाऱ्यांकडून जातात. लोक दिवसभर घरी बसले तेव्हा घरगुती रोलचा खप खरोखरच वाढला, आणि कार्यालयांचा माल गोदामात पडून राहिला. तो रातोरात घरगुती पाकिटात येऊ शकत नव्हता. शिवाय ही वस्तू जागा फार खाते आणि नफा थोडा देते, म्हणून दुकानदार मुळातच थोडक्या दिवसांचा साठा ठेवतो. त्यात रिकाम्या मांडणीचे फोटो फिरले, आणि ज्यांना नको होता तेही धावले.

‘घाबरू नका’ या आवाहनाने गर्दी कमी होत नाही, वाढते. घाबरण्यासारखं काही तरी आहे एवढंच लोकांना त्यातून कळतं. माणशी किती घ्यायचं याची मर्यादा पहिल्याच दिवशी लावली आणि पुढची गाडी कधी येणार ते दारावर लिहिलं, तर फरक पडतो.

मास्कची गोष्ट वेगळी. ३ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की सर्जिकल मास्कच्या किमती सहापट झाल्या आहेत आणि उत्पादन ४० टक्क्यांनी वाढवावं लागेल. तिथे साठेबाजीची झळ थेट परिचारिका आणि डॉक्टरांना बसली.

६. मग घरात किती साठा ठेवू?

दोन आठवडे बाहेर न पडता निभेल एवढा. नेहमीची औषधं शक्य असल्यास महिन्याची. हे एका फेरीत न आणता प्रत्येक खरेदीत थोडं थोडं वाढवत न्या, म्हणजे दुकानावरही ताण येत नाही. घरात खाल्लं जातं तेच घ्या.

७. रुग्ण मोजके असतात, तरी नुकसान अब्जावधींचं कसं होतं?

सार्समुळे जगाचं सुमारे ४० अब्ज डॉलरचं नुकसान झालं, असा एक अंदाज कायम दिला जातो. आठ हजार रुग्णांच्या उपचारांना एवढा खर्च येत नाही. निरोगी माणसं प्रवास, हॉटेल, लग्नकार्य, खरेदी टाळतात. खरा खड्डा तिथे पडतो.

दुसरी वाट पुरवठ्याची. फेब्रुवारी २०२० मध्ये ह्युंदाईला दक्षिण कोरियातले कारखाने थांबवावे लागले. कामगार आजारी नव्हते. मोटारीत पसरलेल्या विजेच्या तारांचा गुंडाळा चीनमधून यायचा, तो येईना. हजारो सुटे भाग हजर, आणि तारांवाचून गाडी पुढे सरकेना.

मागणी आटली की काय होतं, त्याचं टोक २० एप्रिल २०२० ला दिसलं. अमेरिकी कच्च्या तेलाच्या मे महिन्याच्या सौद्याचा भाव पिंपामागे उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. तेल ठेवायला जागा उरली नव्हती, म्हणून विकणारेच ‘घेऊन जा’ म्हणत पैसे देत होते.

८. लॉकडाउन लावलाच नसता तर धंदे वाचले असते ना? रोगापेक्षा इलाज भयंकर नव्हता का?

सर्वांत जास्त आणि सर्वांत रागाने विचारला जाणारा प्रश्न. उत्तर पुराव्यावर द्यायचं तर: थोडे वाचले असते, बहुतेक नाही. अमेरिकेत मोबाइलच्या नोंदींवरून २०२० मध्ये झालेल्या एका अभ्यासात दिसलं की ग्राहकांची वर्दळ ६० टक्के बिंदूंनी घटली, आणि त्यांतले जेमतेम ७ सरकारी निर्बंधांमुळे होते. बाकीची घट लोक आपणहून घरी बसल्यामुळे होती. दक्षिण कोरियात २०१५ मध्ये मर्सचे (सार्ससारखाच एक श्वसनरोग) १८६ रुग्ण निघाले, ३८ दगावले. लॉकडाउन नव्हता. तरी दोन हजारांहून जास्त शाळा बंद राहिल्या, पर्यटक फिरकेनात आणि मध्यवर्ती बँकेला व्याजदर १.५ टक्क्यांवर आणावा लागला. स्वीडनने २०२० मध्ये कडक टाळेबंदी टाळली. तिथली अर्थव्यवस्थाही त्या वर्षी आकसली. १९१८ च्या फ्लूत ज्या अमेरिकी शहरांनी लवकर निर्बंध घातले, ती नंतर आर्थिकदृष्ट्या इतरांच्या मागे पडली नाहीत, असंही एका अभ्यासात आढळलं आहे.

पण म्हणून लॉकडाउन फुकटात पडतो असं कुणी म्हणू नये. एप्रिल २०२० मध्ये जगातल्या दीड अब्जाहून अधिक विद्यार्थ्यांची शाळा बंद होती आणि त्याचं देणं ती मुलं अजून फेडत आहेत. भारतात चार तासांच्या मुदतीने सगळं बंद झालं आणि हातावर पोट असलेले लाखो मजूर पायी निघाले. तेव्हा बंद करावं की नाही, एवढ्यावरच भांडण अडकवू नये. किती मुदत दिली आणि बंद काळात लोकांच्या हातात पैसा कसा पोहोचवला, यावर भांडावं. ‘जीव की उपजीविका’ हा प्रश्नच वाकडा विचारलेला आहे. लोकांना सुरक्षित वाटल्याशिवाय दुकान उघडूनही गल्ला भरत नाही.

९. ताप आहे, पण सुट्टी घेतली तर पगार कापतात. कामावर जाऊ का?

जाऊ नका, हे सांगणं सोपं आहे; घर चालवायचं तुम्हाला आहे. म्हणून आधी मालकाशी बोला: घरून होणारं काम, पाळीची अदलाबदल, पुढच्या महिन्यातली रजा आता. बोलणं लेखी ठेवा.

मालकवर्गासाठी: अमेरिकेत २०२० मध्ये तात्पुरती भरपगारी आजारपणाची रजा मिळाली, तेव्हा ज्या राज्यांत ती नव्याने आली तिथे दर राज्यामागे दिवसाला सुमारे ४०० रुग्ण कमी नोंदले गेले, असं एका अभ्यासात आढळलं. एका माणसाची आठवडाभराची रजा वाचवायला जाऊन अख्खी पाळी आजारी पाडणं हा तोट्याचाच सौदा आहे.

१०. नोकरी गेली. आधी कुठली देणी द्यावीत?

अन्न आणि औषधं, मग घरभाडं, मग वीज आणि फोन (काम शोधायला तो लागतोच), आणि त्यानंतर कर्जाचे हप्ते. हप्ता चुकण्याआधी बँकेला कळवा. चुकल्यावर तोच अर्ज अवघड जातो.

इथे अनेक जण फसतात: हप्ते पुढे ढकलण्याची सवलत म्हणजे माफी नव्हे. बहुतेक योजनांत त्या महिन्यांचं व्याज मुद्दलात चढतं आणि कर्जाची मुदत लांबते. हातात पैसे असतील तर सवलत घेऊ नका. नसतील तर खुशाल घ्या, तिच्यासाठी लाजायचं कारण नाही. २०२० मध्ये जगात कामाचे ८.८ टक्के तास बुडाले, म्हणजे साडेपंचवीस कोटी पूर्ण वेळ नोकऱ्यांइतके, असा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा हिशेब आहे. तुमची नोकरी तुमच्या नालायकीने गेली नाही.

खासगी सावकाराकडे जाण्याआधी दागिना विकलेला परवडतो.

११. शेअर बाजार रोज कोसळतोय. पैसे काढून घेऊ?

वर्ष-दोन वर्षांत लागणारे पैसे बाजारात असतील तर ते तिथे असायलाच नको होते. साथ असो वा नसो. बाकीच्या पैशांबाबत कोसळणाऱ्या दिवशी निर्णय घेऊ नका. अमेरिकेचा एस अँड पी ५०० निर्देशांक १९ फेब्रुवारी ते २३ मार्च २०२० या काळात सुमारे ३४ टक्के पडला आणि १८ ऑगस्टला पुन्हा नव्या उच्चांकावर बंद झाला. तळाला विकणाऱ्यांनी तोटा कायमचा करून घेतला. मात्र ही उसळी मध्यवर्ती बँकांनी ओतलेल्या अफाट पैशाच्या जोरावर होती. दर वेळी पाच-सहा महिन्यांत तसंच होईल असं धरून कर्ज काढून शेअर घेणारे आमच्या मते आगीतून फुफाट्यात जातात.

१२. सावधगिरी जरा जास्तच घेतली तर बिघडलं कुठे?

कधी कधी बरंच बिघडतं. २००९ मध्ये एच१एन१ ला डुकरांचं नाव चिकटलं आणि इजिप्तने देशातली सुमारे तीन लाख डुकरं मारायचा हुकूम काढला. तो रोग माणसाकडून माणसाला होत होता. डुकराचं शिजवलेलं मांस खाल्ल्याने तो होत नाही. कैरोत कचरा वेचणारी कुटुंबं ओला कचरा याच डुकरांना घालत. डुकरं गेली, त्यांची कमाई गेली आणि रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले.

पश्चिम आफ्रिकेतली गोष्ट जास्त गंभीर. २०१४ ते २०१६ च्या इबोला साथीत ११,३०० हून अधिक माणसं गेली. त्याच काळात लोक दवाखान्यांच्या भीतीने मलेरिया, क्षय आणि एचआयव्हीच्या उपचारांना गेले नाहीत, दवाखानेही कोलमडले. त्यामुळे झालेले जादा मृत्यू इबोलाच्या बळींच्या जवळपास जातात असे अंदाज आहेत. साथीच्या काळात छातीत दुखत असेल, बाळंतपण असेल, मुलाची नेहमीची लस असेल, तर दवाखाना टाळू नका.

नोटा, पार्सल, दाराची कडी यांचं उत्तर विषाणूवर अवलंबून आहे. कोविडमध्ये दूषित पृष्ठभागाला हात लागून संसर्ग होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहून कमी, असं अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२१ मध्ये सांगितलं. वस्तू पुसण्यात घालवलेला वेळ खिडक्या उघडण्यात घालवायला हवा होता. नोरोव्हायरसने जुलाब-उलट्या होतात तेव्हा मात्र पृष्ठभाग पुसणं अगदी गरजेचं. मागच्या साथीची सवय डोळे मिटून पुढच्या साथीला लावू नका.

१३. नात्यातल्या वडीलधाऱ्यांनी ग्रुपवर भलताच उपाय टाकलाय. काय करू?

सगळ्यांसमोर खोडून काढू नका. ते हट्टाला पेटतील. फोन करा. ‘काका, हे कुठून आलं?’ एवढंच विचारा आणि खरी माहिती त्यांच्याच हाताने पुढे पाठवायला सांगा.

दुर्लक्ष मात्र करू नका. २०२० च्या सुरुवातीला इराणमध्ये दारूने विषाणू मरतो या अफवेपायी शेकडो माणसं मिथेनॉल पिऊन मेली. ब्रिटनमध्ये ५जी लहरींनी रोग पसरतो म्हणत मोबाइलचे मनोरे पेटवले गेले. संदेशात तारीख नाही, नाव ‘एका मोठ्या डॉक्टरांचं’ आहे आणि शेवटी ‘सर्वांना पाठवा’ असं आहे, तर तो पुसून टाका.

१४. धंद्याचा विमा आहे. साथीत बंद राहिलेल्या काळाची भरपाई मिळेल का?

बहुधा नाही. व्यवसाय खंडित होण्याचा विमा सहसा आग, पूर अशा प्रत्यक्ष हानीशी बांधलेला असतो. पण पॉलिसी न वाचता सोडूही नका: सरकारला कळवणं बंधनकारक असलेल्या रोगाचं किंवा सरकारी आदेशाने जागा बंद होण्याचं कलम असेल तर दावा उभा राहू शकतो. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १५ जानेवारी २०२१ ला अशाच कलमांवर मोठ्या प्रमाणात विमाधारकांच्या बाजूने निकाल दिला. विम्बल्डनच्या आयोजकांकडे साथीचा वेगळा विमा होता, म्हणून २०२० ची स्पर्धा रद्द होऊनही ते सावरले. साथ सुरू झाल्यावर असा विमा विकत घेता येत नाही.

१५. घबराट पसरेल म्हणून सरकारने माहिती दाबून ठेवणं योग्य आहे का?

नाही, आणि त्याने घबराट टळतही नाही. कोरियातल्या मर्सच्या वेळी (प्रश्न ८) कोणत्या रुग्णालयांत रोगी आहेत ते सरकारने सुरुवातीला सांगितलं नाही. लोकांनी इंटरनेटवर आपापल्या याद्या बनवल्या, त्यांत खरं-खोटं एकत्र झालं आणि सगळीच रुग्णालयं संशयाच्या फेऱ्यात आली. ७ जून २०१५ ला नावं जाहीर झाली, तोवर विश्वास गेला होता.

पेच पुढचा आहे. त्यातून धडा घेऊन २०२० मध्ये कोरियाने रुग्ण कुठे, किती वाजता गेले हे इतक्या बारकाईने जाहीर केलं की माणसं ओळखू येऊ लागली. काहींना रोगापेक्षा बोभाट्याचीच भीती वाटू लागली आणि तपशील कमी करावे लागले. जागा आणि वेळ सांगावी, माणूस सांगू नये, ही रेघ आम्हाला योग्य वाटते. छोट्या वस्तीत तीही पुसट होते. तिथे जागेचं नाव घेतलं की माणूस कळतोच, म्हणून फक्त संपर्कात आलेल्यांना गाठून सांगावं.

१६. शेजारी रुग्ण निघाला. त्यांच्याशी संबंध तोडावेत का?

अंतर रोगापासून ठेवायचं, माणसापासून नाही. फोन करा, सामान दाराशी ठेवा. वाळीत टाकलेल्या घराकडे बघून पुढचा माणूस तपासणीच टाळतो, आणि लपवलेला रोग तुमच्या जिन्यातून फिरतो.

१७. साथ ओसरली, सगळे बाहेर पडले. मला अजून गर्दीत जाववत नाही.

घाई करू नका, पण पूर्ण टाळूही नका. टाळत गेलं की भीती घट्ट होते. आधी मोकळ्या जागी दोघा-तिघांना भेटा, मग दुपारच्या रिकाम्या वेळेत दुकानात जा, मग थोड्या अंतराचा प्रवास. अस्वस्थ वाटलं तरी लगेच पळ न काढता अस्वस्थता ओसरेपर्यंत थांबा. मास्क लावून जावंसं वाटत असेल तर खुशाल लावा, लोकांना काय वाटेल ते वाटू द्या. महिन्या-दोन महिन्यांत काहीच फरक पडला नाही, तर प्रश्न ३ मध्ये म्हटल्याप्रमाणे मदत घ्या.